मागच्या चाकाची आगबोट

बामणोलीहून वासोट्याकडे निघालेली यांत्रिक बोट शिवसागर जलाशय ओलांडते, ती पाण्याखालच्या पंख्याच्या जोरावर. कोयना धरणाने तिथे पाणी खोल केलंय, म्हणून हे जमतं. सांगलीच्या घाटाशी कृष्णा उन्हाळ्यात उथळ झाली, की पंखा तळाला घासण्याची भीती.

उथळ नद्यांसाठीच १९व्या शतकात मिसिसिपीवर मागच्या चाकाच्या आगबोटी धावू लागल्या. दोन्ही बाजूंच्या आडव्या सिलिंडरांतले दट्टे लांबलचक दांड्यांनी चाकाचा आस फिरवतात. दोन्हीकडचे क्रँक एकमेकांशी काटकोनात बसवलेले, त्यामुळे एक दट्टा टोकाला पोचून अडला तरी दुसरा चाक ओढतोच. चाकाच्या फळ्या पाणी मागे लोटतात, बोट पुढे सरकते.

खरी हुशारी सुकाणूंत आहे. ती चाकाच्या लगेच पुढे असतात. चाक उलटं फिरवलं, की पाण्याचा लोट थेट त्यांच्यावर आदळतो आणि बोट मागे जातानाही हवी तशी वळवता येते.