मुलांचे मन आणि गावाची साथ

शाळेची भिंत खचली की गाव धावून येते. वर्गणी जमते, कोणी वाळूची ट्रॉली देतो, कोणी श्रमदान करतो. त्याच शाळेतल्या एखाद्या मुलाचे मन खचू लागले, तर मात्र ते कोणाच्या ध्यानी येत नाही. आलेच तर ‘त्याच्या घरचे पाहून घेतील’ असे म्हणून विषय संपतो. विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी शाळांतून उपक्रम व्हावेत, असे हल्ली पुष्कळ बोलले जाते. असे उपक्रम गावाच्या पाठबळावाचून का टिकत नाहीत आणि ते पाठबळ कसे मिळवावे, याविषयी मला येथे थोडे सांगावयाचे आहे.

प्रथम आपल्या जिल्ह्याकडे पाहू. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. येथील बहुतेक शेती कोरडवाहू. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत वाशीमचा समावेश होता. घरातील कर्जाची काळजी उंबरठ्याच्या आत राहत नाही. ती दप्तराबरोबर शाळेत येते. सोयाबीनच्या सोंगणीत आमचा वर्ग निम्मा रिकामा होई. जो मुलगा येई आणि गप्प बसून राही, त्याला ‘ढ’ किंवा ‘आळशी’ असे नाव पडे. त्याच्या घरी काय चालले आहे, हे गावात सर्वांना ठाऊक असे. शाळेत मात्र त्याविषयी कोणी विचारीत नसे.

कायद्याचा आधार आज आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ याने मुलांना मारहाणच नव्हे तर मानसिक छळ करण्यासही मनाई केली. त्याच कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. पुढे २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी संबंध जोडून ठेवावा, असे निर्देश दिले. तथापि नेमलेल्या माणसाकडे मूल जाईल काय, हे आदेशाने ठरत नाही.

या बाबतीत बिहारमधील एक प्रयोग बोधप्रद आहे. गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने नालंदा जिल्ह्यातील ७४ सरकारी माध्यमिक शाळांत तो केला व २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही शाळांत प्रशिक्षण दिलेली, पण डॉक्टर वा मानसशास्त्रज्ञ नसलेली व्यक्ती नेमली. काही शाळांत तेच काम शिक्षकांकडे दिले. परिपाठात चर्चा, भित्तिपत्रक, मनातले लिहून टाकण्याची पेटी, गरज असेल त्याच्याशी एकट्याने बोलणे, असे कामाचे स्वरूप होते. पहिल्या प्रकारच्या शाळांत वातावरण सुधारले, मुलांमधील उदासीनता आणि दांडगाई कमी झाली. शिक्षकांकडे काम असलेल्या शाळांत असा फरक दिसला नाही. यात शिक्षकांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्या मागे कामे थोडी नसतात. शिवाय जो हजेरी घेतो आणि गुण देतो, त्याच्याजवळ मन उघडे करणे मुलाला जड जात असावे, असे मला वाटते.

गावाला सोबत कसे घ्यावे, याचे उदाहरण तर शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे. तेथील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम मोठ्या माणसांसाठी झाला. कार्यकर्त्यांनी गावोगाव छोट्या बैठका घेतल्या आणि लोकांच्याच शब्दांत मनाच्या त्रासाविषयी बोलणे सुरू केले. त्याआधी उदासीनतेने ग्रासलेल्यांपैकी सुमारे ४ टक्के लोक मदत घेत. पुढे हे प्रमाण सुमारे २७ टक्के झाले. ‘मानसिक रोग’ हा शब्द ऐकताच आपल्याकडे ‘वेडा’ हा शिक्का आठवतो. म्हणून पालकसभेत प्रारंभ ‘लेकराचे अभ्यासात मन लागत नाही, झोप लागत नाही, जेवण तुटले आहे’ अशा बोलण्याने करावा. आयांना सवड असेल अशी वेळ ठेवावी. आशाताई, अंगणवाडीताई, तांड्यावरचे जाणते लोक यांना पहिल्याच बैठकीस बोलवावे.

परंतु येथेच खरी अडचण आहे. गावात काहीही लपून राहत नाही. मुलीने पेटीत टाकलेली चिठ्ठी सायंकाळी पारावर चर्चेला आली, तर पुन्हा त्या पेटीत कोणी कागद टाकणार नाही. म्हणून गावाने जागा द्यावी, वेळ द्यावा, माणूस द्यावा. पेटीची किल्ली मात्र मागू नये. मुलाचे बोलणे गुप्त राहील, आणि त्याच्या जिवाला धोका दिसला तरच योग्य त्या व्यक्तीला सांगितले जाईल, हा नियम समितीने पहिल्या दिवशीच ठरवून मुलांना व पालकांना वाचून दाखवावा.

आपण महाविद्यालयीन विद्यार्थीही यात हातभार लावू शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ते झाडताना एक सायंकाळ पालकांच्या बैठकीसाठी काढता येईल. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक शाळेच्या फळ्याशेजारी रंगवता येईल. खर्च फार नाही. खचलेली भिंत गाव उभी करते. खचलेल्या मुलालाही तेच गाव आधार देऊ शकेल, मात्र त्याचे गुपित राखण्याची तयारी आधी हवी.