गदा राखणारे

लक्ष्मीपूजन उरकले, की अकोल्याचा कापसाचा व्यापारी पाडव्याला नवी वही उघडतो आणि पहिल्याच पानावर 'मागील शिल्लक' मांडतो. गेल्या साली जे कमावले ते नव्या वहीत आपोआप उतरते. पैलवानाच्या वहीत मात्र ही सोय नाही! ज्याने गेल्या साली 'महाराष्ट्र केसरी'ची गदा खांद्यावर घेतली, त्याच्याही नव्या पानावर यंदा शून्यच मांडलेले असते. इंग्रजीत अशा वीराला किताबाचे रक्षण करणारा म्हणतात. आपली मराठी त्याला 'गतविजेता' म्हणते. शब्द मोठा निष्ठुर आहे, पण खरा आहे. जिंकलेले ते गेले. आता पुन्हा लंगोट कसायचा.

सगळ्याच खेळांत पूर्वी असे नव्हते. विम्बल्डनच्या टेनिसमध्ये 1921 सालापर्यंत आदल्या वर्षीचा विजेता स्वस्थ बसून राही. बाकीच्यांनी आपसांत झुंजावे, आणि जो उरेल त्याने थकल्या अंगाने येऊन या ताज्यातवान्या राजाला आव्हान द्यावे, असा तो रिवाज. 1922 पासून तो बंद झाला. गोल्फची रीत याहून कडक. अमेरिकेत ऑगस्टा येथे 1934 पासून भरणाऱ्या 'मास्टर्स' स्पर्धेत गतविजेत्यालाही पहिल्या दिवशी पहिल्या फटक्यापासूनच सुरुवात करावी लागते. तेथे आदल्या वर्षीच्या विजेत्याने नव्या विजेत्याच्या अंगावर हिरवा कोट चढवायचा, असा प्रघात आहे. 1966 साली जॅक निकलस लागोपाठ दुसऱ्यांदा जिंकला, तेव्हा मोठी पंचाईत झाली. कोट चढवणारा तोच आणि घालणाराही तोच! अखेर त्याने तो स्वतःच्या हातांनीच अंगात घातला. तोवर असा प्रसंग तेथे कधी आलाच नव्हता. पुढे 1990 साली निक फाल्डोने तेच करून दाखवले. विसाव्या शतकात ही किमया या दोघांनाच साधली.

पण त्यासाठी ऑगस्टाला कशाला जायला हवे? आपल्या वऱ्हाडातही या गोष्टीची साक्ष आहे.

मामासाहेब मोहोळ यांनी 1953 साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची स्थापना केली आणि 1961 साली तेव्हाच्या औरंगाबादेस 'महाराष्ट्र केसरी'चा पहिला मान दिनकर दह्यारी यांना मिळाला. पुढल्या वर्षी भगवान मोरे आले. मग 1964 साली स्पर्धा आली ती अमरावतीस, जेथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून शरीरसाधनेचा वसा चालवीत आले आहे आणि जेथील खेळाडूंनी 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली होती. अशा गावात गणपतराव खेडकर महाराष्ट्र केसरी झाले. दुसऱ्या वर्षी नाशिकला त्यांनीच पुन्हा मान पटकावला. किताब राखणारे ते पहिले मल्ल.

1967 साली स्पर्धा खामगावला भरली. तेथे चंबा मुतनाळ जिंकले आणि 1968 सालीही त्यांनी तो मान सोडला नाही. दादू चौगुले यांनी 1970 साली पुण्यास व 1971 साली अलिबागेस बाजी मारली. त्यांच्यामागून लक्ष्मण वडार आले. 1972 साली कोल्हापुरात, म्हणजे कुस्तीच्या पंढरीतच, ते जिंकले आणि 1973 साली तो मान त्यांनी राखला तो आमच्या अकोल्यास!

'योगक्षेम' हा शब्द वाचकांच्या परिचयाचा आहे. आयुर्विमा महामंडळाच्या बोधचिन्हावरही तो असतो. आपण तो 'पोटापाण्याची व्यवस्था' अशा अर्थाने सहज वापरून टाकतो. पण जुन्या भाष्यकारांनी त्याची फोड मोठी मार्मिक केली आहे. जे आपल्याजवळ नाही ते मिळवणे हा योग, आणि जे मिळाले ते सांभाळणे हे क्षेम. या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे त्यांनी ओळखले होते. अमरावती आणि खामगाव यांनी योग पाहिला. अकोल्याने क्षेम पाहिले.

आणि ते किती दुर्मीळ होते, हे पुढे कळले. 1964 ते 1973 या दहा वर्षांत चौघांनी किताब राखला. पण अकोल्यानंतर तब्बल पस्तीस वर्षे ते कोणालाच जमले नाही! एकाहून एक तालेवार मल्ल आले, गदा घेऊन गेले, परंतु लागोपाठ दुसरी गदा थेट 2008 साली चंद्रहार पाटील यांच्या हाती आली.

असे का व्हावे? एक तर जिंकणारा मल्ल उघडा पडतो. त्याची ढाक कशी बसते, पट काढताना तो कोणत्या पायावर भार देतो, हे प्रत्येक तालमीतले वस्ताद वर्षभर आपल्या पठ्ठ्यांना घोटून शिकवतात. त्याला मात्र उद्या समोर कोण उभा राहील याचा पत्ता नसतो. दुसरे असे, की मान मिळाला की बोलावणी येतात. जत्रांचे आखाडे, सत्कार, हारतुरे! नाही म्हणावे तर गर्व झाला म्हणतात, हो म्हणावे तर पहाटेच्या जोर-बैठका चुकतात. शिवाय खुराक काही थांबत नाही. दूध, तूप आणि बदामाची थंडाई यांचा खर्च गदेने भागत नाही. गदा खुंटीवर शोभते, चूल पेटवीत नाही. आणि सर्वांत अवघड म्हणजे मनाची भूक. जे हवे होते ते मिळाल्यावर पहाटे चारला अंथरूण सोडायचे कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या वर्षी नव्याने शोधावे लागते.

आजची कसोटीही सोपी नाही. 86 ते 125 किलो वजनाचे मल्ल माती व गादी अशा दोन विभागांत लढतात आणि दोन्हींकडचे विजेते अखेरीस एकमेकांसमोर येतात. मातीवर वाढलेल्याला गादीवरची चपळाई लागते. गादीवाल्याला मातीतल्याची रग सोसावी लागते. सहा मिनिटांत वर्षाचा निकाल! अशा काळात नरसिंग यादव यांनी 2011 ते 2013 आणि लगेच त्यांच्यामागून विजय चौधरी यांनी 2014 ते 2016, अशी प्रत्येकी लागोपाठ तीन वर्षे गदा राखली. दोघांनाही पुढे पोलीस खात्यात उपअधीक्षकाचे पद मिळाले. किताबामागे पोटाची तजवीज उभी राहिली, ही गोष्ट लहान नाही. जुन्या मल्लांपैकी किती जणांच्या वाट्याला ती आली असेल?

आपल्या घरांतूनही एक गतविजेता असतोच. गेल्या वर्षी पहिला आलेला मुलगा, किंवा वक्तृत्वाची ढाल आणलेली मुलगी. यंदा ती ढाल दुसरीकडे गेली, की आपण लागलीच विचारतो, "काय रे, काय झाले?" खरे म्हणजे काहीही झालेले नसते. दुसऱ्या कोणीतरी वर्षभर जास्त मेहनत केलेली असते, एवढेच. एकदा जिंकून पुढल्या वर्षी हरलेल्या मल्लांची यादी लांबलचक आहे आणि त्यातला एकही कच्च्या हाडाचा नव्हता. त्यांपैकी पुष्कळ जण मग तालमीत उभे राहिले, पोरांना डाव शिकवू लागले. दादू चौगुले यांचे चिरंजीव विनोद 2000 साली महाराष्ट्र केसरी झाले. आपल्या हातचा किताब पुढच्या पिढीच्या हाती पोचवणे, हेही एक क्षेमच नव्हे काय?

ऑगस्टाचा हिरवा कोट विजेत्याला वर्षभरच घरी नेता येतो. नंतर तो क्लबात परत ठेवावा लागतो. आपली गदा मात्र मल्लाच्या घरीच राहते. मान त्याचा कायमचा. परत द्यावे लागते ते फक्त पुढच्या वर्षाचे आसन. तेवढे मात्र पुन्हा माती अंगाला लावूनच मिळवायचे असते.