सुशी खायला जाताय? आधी हे विचारा

पहिला पगार झाला की पूर्वी पोरं पेढे आणायची. आता पुण्या-मुंबईत ती आईवडिलांना हॉटेलात नेतात आणि कधी कधी ते हॉटेल जपानी असते. आमच्या एका मैत्रिणीच्या मुलाने आम्हा सगळ्यांना असेच सुशी खायला नेले. सोबत त्याची पाच महिन्यांची गरोदर बायको होती. ताटात कच्चा मासा आला. सून नको म्हणायला लाजली आणि सासू आमच्याकडे बघू लागली. तेव्हा जे सांगितले, तेच इथे सगळ्यांसाठी लिहीत आहोत.

सुशी म्हणजे कच्चा मासा, हा गैरसमज आहे. सुशी म्हणजे व्हिनेगर, साखर आणि मीठ लावलेला आंबट भात. त्यावर किंवा त्याच्या आत मासा, अंडे, काकडी असे काहीही असते. एकोणिसाव्या शतकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, ती रस्त्यावरच्या गाड्यांवर विकली जाई. कामकरी माणसे उभ्या उभ्या हाताने खात. जपानमध्ये आजही हाताने खाल्लेली चालते. म्हणून काड्या धरता येत नाहीत याची लाज नको.

आता मुख्य गोष्ट. आपण बाजारात कल्ले लाल बघून ताजा मासा घेतो, कारण तो शिजवणार असतो. कच्चा खायचा तर नुसता ताजेपणा पुरत नाही. समुद्रातल्या अनेक माशांत अनिसाकिस नावाची दोऱ्यासारखी पांढरी अळी असू शकते. ती पोटात गेली तर काही तासांत जठरात जीवघेणी कळ येते, उलट्या होतात. दुर्बीण घालून ती काढावी लागते. व्हिनेगर, लिंबू किंवा झणझणीत वसाबीने ती मरत नाही. ती मरते नीट शिजवल्याने किंवा उणे 20 अंश सेल्सिअसला 7 दिवस गोठवल्याने. म्हणून वेटरला सरळ विचारा, "कच्चा खायचा मासा आधी गोठवलेला आहे का? किती दिवस?" चांगल्या ठिकाणी याचे उत्तर मिळते. उत्तर मिळाले नाही, तर शिजवलेले मागवा. घरी बाजारातल्या माशाची सुशी करू नका. नदी-तळ्यातला मासा तर कच्चा कधीच खाऊ नका.

गोठवल्याने अळी मरते, पण सगळे जंतू मरत नाहीत. म्हणून गरोदर बाया, पाच वर्षांखालची मुले, म्हातारी माणसे, यकृताचे रुग्ण, केमोथेरपी घेणारे आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी कच्चा मासा टाळावा. गरोदरपणात लिस्टेरिया जंतूमुळे गर्भपाताचा धोका असतो. मोठ्या ट्यूनात पाराही जास्त असतो. म्हणून तो शिजवलेलासुद्धा बेतानेच खावा.

मग खायचे काय? शिजवलेली कोळंबी, अंड्याची तामागो, भाजलेली ईल, काकडी किंवा अॅव्होकॅडोचा रोल. मात्र कच्च्या माशाची सुरी आणि पाट यांना वापरू नका, असे सांगून ठेवा. शाकाहारी माणसांनी मिसो सूपबद्दल विचारावे. त्याचा रस्सा बहुधा सुक्या माशाचा असतो.

बीपी असणाऱ्यांनी सोया सॉसकडे लक्ष द्यावे. एका मोठ्या चमच्यात सुमारे 900 मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा 2,000 आहे. सुशी बुडवताना भाताची बाजू बुडवू नका, भात सॉस शोषून घेतो. माशाची बाजू जराशी टेकवा. साध्या सोया सॉसमध्ये गहूही असतो, त्यामुळे गव्हाची अॅलर्जी असणाऱ्यांनी जपावे.

उरलेली सुशी बांधून आणून दुसऱ्या दिवशी डब्यात देऊ नका. खाल्ल्यावर पोटात जोराची कळ, सतत उलट्या, ताप किंवा अंगावर पित्त उठले तर दवाखाना गाठा. डॉक्टरांना "कच्चा मासा खाल्ला होता" हे आधी सांगा. ते कळले नाही तर ॲसिडिटी समजून गोळी दिली जाते आणि वेळ जातो.

त्या दिवशी सुनेने कोळंबी आणि तामागो खाल्ली, पोटभर. विचारले म्हणून कोणी हसले नाही. उलट आतून आचारी स्वतः बाहेर आला आणि मासा कुठून येतो, कसा ठेवतो ते सांगून गेला.