हौशीचा हिशेब
बारामती-इंदापूरकडील दिवाणखान्यांच्या काचपेटीत शोभेल असा ‘क्लाउन लोच’ हा मुरीच्या गोत्रातील मासा मूळचा सुमात्रा-बोर्निओचा. विकत घेताना बोटाएवढा; पुढे मात्र तो फूटभर वाढू शकतो, वीस वर्षांहून अधिक जगू शकतो आणि त्याला सोबतीस कळप लागतो. खरेदीची किंमत अल्प व सांभाळाचा खर्च दीर्घकालीन, हे हौशी ग्राहक विसरतो. पेटी अपुरी पडताच मासा नदीत सोडण्याचा मोह होतो. परंतु नीरा नरसिंहपूरला भीमेस मिळते आणि भीमा पुढे कृष्णेस. याच कृष्णा खोऱ्यातील ‘बोटिया स्ट्रायटा’ हा पट्टेरी लोच आज संकटग्रस्त असून शोभेच्या बाजारासाठी तो नदीतूनच उपसला जातो. परका मासा नदीत सोडणे आणि घरचा उपसणे, या दोन्हींचा तोटा अखेर नदीच्याच खाती पडतो. म्हणून हा हिशेब खरेदीपूर्वीच मांडावयास हवा.