मोरेनो, रीता

(११ डिसेंबर १९३१– ). प्वेर्त रीकन-अमेरिकन अभिनेत्री, नर्तकी व गायिका. मूळ नाव रोसा दोलोरेस आल्व्हेरीओ. जन्म प्वेर्त रीकोतील ऊमाकाओ येथे. पाच वर्षांची असताना ती आईबरोबर न्यूयॉर्कला आली. तेथे तिने पाको कान्सीनो यांच्याकडे स्पॅनिश नृत्याचे शिक्षण घेतले. अकराव्या वर्षी अमेरिकन बोलपटांच्या स्पॅनिश आवृत्त्यांना तिने आवाज दिला, तर १९४५ मध्ये स्कायड्रिफ्ट या नाटकाद्वारे ब्रॉडवेच्या रंगमंचावर तिने पदार्पण केले. मोरेनो हे तिच्या सावत्र वडिलांचे आडनाव होय.

१९५० मध्ये मेट्रो-गोल्डविन-मायर या चित्रपटसंस्थेने तिला करारबद्ध केले. तथापि हॉलिवुडमध्ये लॅटिन अमेरिकन वंशाच्या नटीला रेड इंडियन, पॉलिनीशियन वा आशियाई स्त्रियांच्या ठरीव साच्याच्या भूमिकाच मिळत. द किंग अँड आय (१९५६) मधील ब्रह्मी युवती टपटिम ही त्यांपैकीच एक. सिंगिन इन द रेन (१९५२) मधील तिची छोटी भूमिका मात्र या साच्याबाहेरची होती.

वेस्ट साइड स्टोरी (१९६१) या संगीतपटातील अनिताच्या भूमिकेने तिला कीर्ती मिळवून दिली. या चित्रपटातील मारीया व बर्नार्दो या प्रमुख प्वेर्त रीकन व्यक्तिरेखा अनुक्रमे नॅटली वुड आणि जॉर्ज चाकिरिस या अन्य वंशांच्या कलावंतांनी साकारल्या होत्या. प्रत्यक्ष प्वेर्त रीकन असलेल्या मोरेनोलाही गडद रंगभूषा करावी लागली. या भूमिकेबद्दल १९६२ मध्ये तिला सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. अभिनयासाठी हा सन्मान मिळविणारी ती पहिली लॅटिन अमेरिकन वंशाची स्त्री होय. तरीही पुढे तिच्याकडे तशाच साचेबंद भूमिका येत राहिल्या. त्या तिने नाकारल्या, त्यामुळे काही वर्षे ती चित्रपटांपासून बहुतांशी दूर राहिली.

रंगभूमी व दूरचित्रवाणी या माध्यमांनी तिला नवे क्षेत्र मिळवून दिले. द इलेक्ट्रिक कंपनी (१९७१–७७) या मुलांना वाचनाची गोडी लावणाऱ्या मालिकेत तिने काम केले. या मालिकेच्या १९७२ च्या ध्वनिमुद्रिकेबद्दल तिला ग्रॅमी पारितोषिक लाभले. द रिट्झ या प्रहसनात तिने गूगी गोमेझ ही मोडके इंग्रजी बोलणारी गायिका रंगविली. आजवर लादल्या गेलेल्या भूमिकांचेच हे विडंबन होते. त्याबद्दल तिला टोनी पारितोषिक मिळाले (१९७५). द मपेट शो मधील कामाबद्दल एमी पारितोषिक मिळाल्यावर (१९७७) या चारही क्षेत्रांतील प्रमुख पारितोषिकांची ती मानकरी ठरली. ऑझ (१९९७–२००३) आणि वन डे अ‍ॅट अ टाइम (२०१७–२०) या तिच्या उत्तरकालीन उल्लेखनीय मालिका होत.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांतर्फे दिले जाणारे स्वातंत्र्यपदक तिला २००४ मध्ये मिळाले. स्टीव्हन स्पीलबर्गच्या नव्या वेस्ट साइड स्टोरी (२०२१) मध्ये तिच्यासाठी व्हॅलेंटीना हे पात्र योजण्यात आले. या वेळी प्वेर्त रीकन व्यक्तिरेखांसाठी लॅटिन अमेरिकन वंशाचेच कलावंत निवडण्यात आले. अनिताच्या भूमिकेबद्दल आरिआना डेबोस हिला २०२२ मध्ये तेच ऑस्कर पारितोषिक मिळाले.