जुन्या नौकेचे सांधे

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, साउदॅम्प्टन आणि आइल ऑफ वाइट यांच्यामध्ये पसरलेल्या सोलंट या सामुद्रधुनीच्या काठी, हॅम्बल, लिमिंग्टन, गॉस्पोर्ट आदी गावांच्या धक्क्यांवर विक्रीची पाटी लावलेल्या जुन्या शिडाच्या नौका बारमाही उभ्या असतात. पंचवीस ते पस्तीस फूट लांबीची, आत चार माणसांची निजण्याची सोय, लहानसा स्वयंपाकाचा ओटा आणि नकाशे पसरण्यापुरते मेज असलेली, इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सचा किनारा गाठू शकणारी अशी नौका तेथे कित्येकदा एखाद्या वापरलेल्या मोटारीच्या किमतीत मिळते. आणि म्हणूनच नोकरीव्यवसायानिमित्त त्या देशी स्थायिक झालेल्या, ज्याच्या आजोळच्या आठवणींत मालवणचे किंवा मुरुडचे पाणी अद्याप हलते आहे, अशा एखाद्या मराठी गृहस्थाच्या मनात ती विकत घेण्याचा विचार आला तर त्यात नवल नाही. तो विचार अवश्य करावा, असेच मी म्हणेन. मात्र नौका पाहावी कशी, हे ठाऊक झाल्यावाचून इसार देऊ नये.

या नौका इतक्या स्वस्त का, याचे उत्तर त्यांच्या द्रव्यात आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकूड मागे पडून काचतंतू आणि राळ यांच्या संयोगाने घडवलेल्या, म्हणजे फायबरग्लासच्या, नौका साच्यातून निघू लागल्या आणि एकेका नमुन्याच्या शेकडो प्रती समुद्रावर उतरल्या. हॅम्पशायरमधील वेस्टर्ली या कारखान्याने १९६९ पासून बांधलेली २६ फुटी ‘सेंटॉर’ नौका घ्या. तिच्या सुमारे २,४०० प्रती निघाल्या आणि त्यांपैकी पुष्कळशा आजही पाण्यावर आहेत, कारण फायबरग्लासचे कवच कुजत नाही व किडतही नाही. परंतु कवच टिकले म्हणजे नौका टिकली, असा जो समज या दीर्घायुष्यामुळे रूढ झाला आहे, तो नवख्या ग्राहकाला भोवतो. कवच टिकते; टिकत नाहीत ते सांधे. जेथे शिसे किंवा लोखंड फायबरग्लासला जोडलेले असते, जेथे पोलादाची पट्टी डेकमधून आरपार जाते, जेथे पितळी नळी तळाला भोक पाडून बाहेर येते, तेथे तेथे वर्षानुवर्षे पाणी आपले काम करीत असते, आणि ते काम वरून दिसत नाही.

लाकडी नौकेची गोष्ट या बाबतीत निराळी होती. मुंबईत बांधलेल्या ‘सुहैली’ या ३२ फुटी सागवानी नौकेतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ साली कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा अटलांटिक महासागरातच तिच्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी येऊ लागले. परंतु सांधा कोठे उघडला आहे ते पाण्याखाली बुडी मारून त्यांना डोळ्यांनी पाहता आले, आणि त्यात कापूस ठासून वर तांब्याची पट्टी ठोकता आली. लाकूड आपली व्याधी उघड सांगते. फायबरग्लासच्या नौकेत दोष पॉलिशखाली, गालिच्याखाली, छताच्या अस्तराआड दडलेला असतो, व तो शोधण्यासाठी ग्राहकाला गुडघ्यांवर बसून, हातात विजेरी घेऊन, प्रत्येक फळी उचलावी लागते.

पहिली फळी उचलावी ती कीलवरची. नौकेला उलटू न देणारे हे वजन तळाशी बोल्टांनी जखडलेले असते, आणि ते बोल्ट ज्या अंतर्गत सांगाड्यावर आपला भार टाकतात तो सांगाडा कवचाला चिकटवलेला असतो. नौका कधी खडकावर आदळली असेल तर कीलचे पुढचे टोक खाली आणि मागचे टोक वर असा प्रचंड तिढा त्या जोडणीवर पडतो. बाहेरून रंगाचा एक हात दिला की खूण नाहीशी होते, आत मात्र चिकटवलेला सांधा सुटलेला राहतो. मे २०१४ मध्ये ‘चीकी रफीकी’ नावाची ४० फुटी नौका अँटिग्वाहून साउदॅम्प्टनकडे परतत असताना अटलांटिकच्या मध्यावर तिचे कील निखळले, नौका उलटली आणि तिच्यावरील चारही माणसे गेली. ब्रिटनच्या सागरी अपघात अन्वेषण शाखेने चौकशीअंती जे म्हटले त्याचा आशय असा की, पूर्वी झालेले भूस्पर्श आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांच्या एकत्रित परिणामाने तेथील बांधणी दुर्बल झालेली असावी. आणि असा सुटलेला सांधा कील जागेवर असताना ओळखणे अवघड असते. ही नौका जुनाट नव्हती, ती २००६ साली बांधलेली होती. म्हणून विक्रेत्याला विचारावयाचा पहिला प्रश्न वयाविषयीचा नसून, ही नौका कधी व कोठे भूमीला लागली आणि तिची दुरुस्ती कोणी केली व त्या दुरुस्तीची कोणती कागदपत्रे आहेत, हा असावा. बिल्जमध्ये, म्हणजे नौकेच्या तळाच्या खोलगट भागात, कीलच्या बोल्टांभोवती गंजाचे ओघळ, सांगाड्याच्या कडांना केसासारख्या भेगा, कीलच्या मागच्या टोकापाशी अलीकडे दिलेला रंग, यांपैकी एकही खूण दिसली तर पुढील बोलणे थांबवून तज्ज्ञाला बोलवावे. सेंटॉरसारख्या दोन तिरप्या कीलांच्या नौका ओहोटीला चिखलात आपल्या पायांवर उभ्या राहतात, ही त्यांची सोय खरी. पण प्रत्येक ओहोटीला तो भार कीलांच्या मुळाशी पडतो, आणि अशा कित्येक नौकांना तेथे आतून मजबुती द्यावी लागली आहे. ती दिली आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय अशा नौकेची किंमत ठरवताच येत नाही.

दुसरा महत्त्वाचा सांधा डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांचा. स्टेनलेस पोलाद गंजत नाही, ही समजूत अर्धी खरी आहे. त्या पोलादावर जो अदृश्य संरक्षक पापुद्रा असतो तो टिकून राहण्यास हवेतील प्राणवायू लागतो. आणि तारांचा ताण कवचापर्यंत पोहोचवणारी चेनप्लेट ही पट्टी जेथे डेकमधून खाली उतरते तेथे, ओलसर सीलंटच्या आत, नेमका तोच प्राणवायू पोहोचत नाही. वर चकचकीत, खाली शाबूत आणि मधल्या अर्ध्या इंचात पोखरलेली अशी चेनप्लेट एखाद्या वादळात तुटते व डोलकाठी घेऊन जाते. आतल्या बाजूने लाकडावर उतरलेले काळे डाग हा तिचा जबाब असतो. तारांचे एकेक सूत जेथे टोकाच्या दट्ट्यात शिरते तेथे बोट फिरवून नव्हे, तर कापडाची चिंधी फिरवून पाहावे. सूत तुटले असेल तर चिंधी अडकते. तारा केव्हा बदलल्या याची पावती मागावी, कारण दहा-पंधरा वर्षांहून जुन्या तारांच्या भरवशावर डोलकाठीचा विमा उतरवण्यास पुष्कळशा कंपन्या तयार नसतात.

त्याच डेकखाली आणखी एक गोष्ट असते. वजन कमी राखण्यासाठी फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा नावाचे हलके लाकूड भरलेले असते, आणि कठड्याच्या खांबांचे, कप्प्यांचे, खिडक्यांचे स्क्रू ज्या भोकांतून गेले त्या भोकांतून झिरपलेले पाणी हे लाकूड हळूहळू कुजवते. बाजारात मडके घेताना आपण जसे ते वाजवून घेतो तसे प्लास्टिकच्या हातोडीने डेक वाजवीत जावे; टणक आवाज मध्येच बोदा झाला, किंवा पायाखाली डेक किंचित दबले, तर त्या जागेवर खडूने खूण करावी. खुणा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असल्या तर दुरुस्ती आवाक्यात असते. सबंध डेकभर पसरल्या तर त्या नौकेला नमस्कार करून निघावे.

याउलट ज्या दोषाची सर्वांत जास्त चर्चा होते तो ऑस्मोसिस, म्हणजे पाण्याखालच्या भागावर येणारे फोड, मला तितकासा भयंकर वाटत नाही. वरच्या जेलकोटमधून पाण्याचा अंश आत शिरतो, न मुरलेल्या राळेतील द्रव्ये विरघळवतो व तेथे आम्लयुक्त द्रव साठून फोड उठतो. तो फोडला असता शिरक्यासारखा उग्र वास येतो. उपचार खर्चिक आहे, सालपट काढून महिनोन्‌महिने वाळवावे लागते, हे खरे. परंतु फोडांमुळे नौका बुडाल्याचे क्वचितच ऐकू येते, आणि नवखा ग्राहक दहा-वीस फोडांवर घासाघीस करताना कील आणि सुकाणू पाहायचे विसरतो, याचे मला वाईट वाटते.

सुकाणूचे पाते पोकळ असते. त्याच्या आतील पोलादी दांड्याला पट्ट्यांची जोड असते व भोवती फोम भरलेला असतो. नौका पाण्याबाहेर काढल्यावर दुसऱ्या दिवशीही पात्याच्या खालच्या कडेतून तांबूस पाणी ठिबकत असेल तर आतील जोड गंजत आहे असे समजावे. तळाला आरपार जाणाऱ्या नळ्या व त्यांच्या तोट्या, ज्यांना सी-कॉक म्हणतात, त्या तर प्रत्येकीगणिक फिरवून पाहाव्यात. साध्या पितळेतील जस्त समुद्राच्या पाण्यात झिजून जाते आणि मागे गुलाबी, सच्छिद्र, ठिसूळ तांबे उरते. आणि युरोपात १९९८ पासून लागू झालेल्या नियमांना पूरक अशा मानकात पाच वर्षे टिकणाऱ्या धातूलाही ‘गंजरोधक’ म्हणण्याची मुभा असल्याने, त्यानंतर बांधलेल्या अनेक नौकांत ब्राँझऐवजी पितळच बसवलेले आढळते. यंत्राचा पाय सेलड्राइव्ह पद्धतीने तळातून खाली उतरला असेल तर त्याभोवतीचा रबरी पडदा हाच समुद्र आणि केबिन यांच्यामधला अडसर असतो. व्होल्वो पेंटा आपला पडदा सात वर्षांनी बदलण्यास सांगते, आणि त्या कामासाठी यंत्र हलवावे लागत असल्यामुळे मालक ते पुढे ढकलीत राहतात.

यंत्र पाहावयाचे ते थंड असताना. आपण येण्यापूर्वीच ते सुरू करून ठेवले असेल तर पुन्हा दुसऱ्या दिवशी यावे. निळा धूर तेल जळत असल्याचे सांगतो, काळा धूर यंत्रावर भार अधिक पडत असल्याचे. पांढरा धूर थोड्या वेळाने विरला नाही तर चिंतेचा. बिल्जमधील पाणी तेलकट नसेल तर जिभेवर एक थेंब घेऊन पाहावा, कारण खारट पाणी खालून आलेले असते आणि गोडे पाणी डेकमधून अथवा टाकीतून. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्यामुळे गळला तर बिल्जमध्ये साठतो. त्याच्या नळकांड्याची पेटी बाहेर समुद्रात निचरा होणारी आहे ना, हे पाहिल्याशिवाय आत काडी ओढू नये. शिडे, बिनतारी यंत्रे, गाद्या यांची चर्चा मी करीत नाही. त्या वस्तू झिजतात व बदलता येतात.

एवढे स्वतः पाहून मन बसले, तरच सर्व्हेअर नेमावा, आणि तो स्वतः शोधून नेमावा. दलालाने सुचवलेला नव्हे, कारण दलाल कितीही सज्जन असला तरी तो विक्रेत्याचा मुखत्यार असतो. प्रचलित रीतीप्रमाणे किमतीच्या दहा टक्के इसार देऊन, तपासणीच्या शर्तीवर करारनामा होतो आणि नौका ग्राहकाच्या खर्चाने पाण्याबाहेर काढली जाते. अहवाल हाती आल्यावर बहुतेक जण दोषांची यादी वाचतात. मी आधी ते कलम वाचावे असे सांगेन ज्यात सर्व्हेअरने काय पाहिले नाही ते लिहिलेले असते. कीलचे बोल्ट काढून पाहिले नाहीत, अस्तराआडच्या चेनप्लेट दिसल्या नाहीत, डोलकाठीवर चढलो नाही, यंत्र तपासणे नेमणुकीत नव्हते, ही वाक्ये ज्या जागांविषयी असतात त्याच जागा या लेखात वर आल्या आहेत. त्यांच्यासाठी स्वतंत्र यंत्रज्ञ आणि तारा तपासणारा कारागीर यांची तजवीज वेगळी करावी लागते.

शेवटी दप्तर. ब्रिटनमध्ये घराप्रमाणे वा मोटारीप्रमाणे खाजगी नौकेची नोंदणी सक्तीची नाही, म्हणून मालकी सिद्ध करणे विक्रेत्याच्या कागदांवरच अवलंबून असते. तेथील नोंदवहीच्या पहिल्या भागात नौकेची मालकी परंपरेने ६४ हिश्श्यांत लिहिली जाते व तारणाचा बोजाही तेथेच नोंदला जातो. लहान नौकांसाठी असलेल्या तिसऱ्या भागातील दाखला मात्र मालकीचा पुरावा नव्हे, जरी तो दिसायला तितकाच भारदस्त असला तरी. बांधणाऱ्याच्या दाखल्यापासून आजच्या मालकापर्यंत खरेदीखतांची साखळी अखंड हवी, आणि मूल्यवर्धित कर भरल्याची मूळ पावती हवी. पूर्वीच्या मालकाने खलाशांचे वेतन थकवले असेल तर तो दावा सागरी कायद्याप्रमाणे नौकेबरोबर नव्या मालकाकडे येतो. गोदीचे भाडे थकले असेल तर गोदीवाला नौका अडवून ठेवू शकतो. म्हणून नौका कोणत्याही बोजापासून मुक्त आहे अशी लेखी हमी खरेदीखतात घालून घ्यावी, आणि गोदीच्या कचेरीत जाऊन थकबाकी नसल्याची खातरजमा स्वतः करावी.

हे सर्व करण्यास हिवाळा उत्तम, कारण ऑक्टोबरनंतर पुष्कळ नौका आपसूकच जमिनीवर उभ्या असतात आणि त्यांचे तळ कोरडे होत असतात. खरेदीनंतर हाती उरलेल्या पैशातून आधी सी-कॉक, मग सेलड्राइव्हचा पडदा, मग तारा, आणि त्यानंतरच पडद्यावर नकाशा दाखवणारी नवी यंत्रे, हा क्रम ठरवून ती रक्कम किमतीची बोलणी सुरू होण्याआधीच बाजूला काढून ठेवावी.