खिशातलं यंत्र, लेखांक ९ : बटणं, काच आणि बोटाला मिळणारं उत्तर

मागच्या लेखांकात रेझिस्टिव्ह आणि कपॅसिटिव्ह पडद्यांमधला फरक पाहिला. आता त्यामागून येणारा प्रश्न घेऊ : बटणं बरी की टचस्क्रीन? २००७ ते २००९ या काळात या प्रश्नावर जगभर हिरीरीनं वाद झाला. माझं मत आधीच सांगतो. त्या वादात प्लास्टिक आणि काच यांच्यावर भरपूर बोललं गेलं, सॉफ्टवेअरवर मात्र फार कमी. टचस्क्रीनचा फोन वापरायला कसा वाटेल हे काचेमागचं सॉफ्टवेअर किती चपळ आणि किती स्थिर आहे यावर ठरतं. बटणांच्या फोनला ही अट इतकी कडक नसते.

बटणाच्या आत काय घडतं ते बघा. बहुतेक कीपॅडमध्ये प्रत्येक बटणाखाली धातूची एक चिमुकली घुमटी असते. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की घुमटी टक् करून खाली बसते, सर्किट जोडलं जातं, आणि बोट उचललं की ती पुन्हा वर येते. बोटाला जाणवणाऱ्या त्या टक्‌मध्ये प्रोसेसरचा काडीचाही हात नसतो. फोन हँग झालेला असला तरी बटण दाबलं गेलं एवढं बोटाला कळतंच. ५ या आकड्यावर बारीकसा उंचवटा असतो, त्यावरून अंगठा न बघता बाकीची बटणं शोधतो. बऱ्याच फोनमध्ये सॉफ्टवेअर थोडं मागे पडलं तरी दाबलेली बटणं रांगेत थांबत आणि अक्षरं मागाहून भराभर उमटत.

काचेवर बोटाला आपोआप असं काहीच मिळत नाही. काचेखाली पारदर्शक इलेक्ट्रोडची जाळी असते. बोट टेकलं की तिथली विद्युत धारकता बदलते. एक चिप ही जाळी सेकंदाला अनेकदा तपासते आणि स्पर्शाचा मध्यबिंदू काढते. हा स्पर्श कोणत्या अ‍ॅपसाठी आहे ते ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. ते नुसतं टेकणं आहे की सरकवणं, हे अ‍ॅपला ओळखावं लागतं. मग चित्र नव्यानं आखलं जातं आणि पडद्याच्या पुढच्या फेरीत दिसतं. त्या काळच्या फोनवर अशा फेऱ्या साधारणपणे सेकंदाला ६० होत. या साखळीतली एक कडी जरी अडकली तरी बोट निरुत्तर राहतं. आपण पुन्हा टॅप करतो. पहिला टॅप उशिरा पोचतो, दुसरा त्याच्या पाठोपाठ, तोवर पडद्यावर भलतंच काही आलेलं असतं आणि नको त्या माणसाला फोन लागतो. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१२ साली हे डोळ्यांना दिसेल असं दाखवलं होतं. पडद्यावरचा चौकोन बोटानं ओढायचा. १०० मिलिसेकंदांच्या विलंबाला तो बोटामागून फरफटत येत होता, आणि १ मिलिसेकंदाला बोटाला चिकटल्यासारखा चालत होता.

हे ध्यानात ठेवून त्या काळातले फोन पाहिले की त्यांच्या दुखण्यांचा उलगडा होतो.

ब्लॅकबेरीची ओळखच तिच्या कीबोर्डवर उभी होती. नोव्हेंबर २००८ मध्ये कंपनीनं कीबोर्ड काढून टाकलेला स्टॉर्म बाजारात आणला. बटणांची सवय जाऊ नये म्हणून अख्खा पडदाच बटणासारखा आत दबेल अशी रचना केली. कल्पनेमागची काळजी खरी होती, पण सबंध पडद्याचं मिळून बटण एकच. एक अक्षर दाबून सोडल्याशिवाय दुसरं दाबता येत नसे, आणि दोन्ही अंगठ्यांनी झरझर लिहिणाऱ्यांचा वेगच खुंटला. त्यात फोन आडवा केला तरी पडदा फिरायला रेंगाळे. अमेरिकेतल्या सणासुदीच्या खरेदीआधी फोन दुकानात पोचवायची घाई होती आणि सॉफ्टवेअर कच्चं राहिलं. पुढच्याच जानेवारीत कंपनीच्या प्रमुखांपैकी एक, जिम बाल्सिली, यांनी सुरुवातीच्या अशा त्रुटींना गुंतागुंतीच्या फोनच्या धंद्यातलं नवं वास्तव म्हटलं. मला ते पटत नाही. कीबोर्डच्या ब्लॅकबेरीत तशीच त्रुटी राहिली असती तर गिऱ्हाईक कुरकुरलं असतं, पण निदान त्याच्या बोटाखाली बटणं तरी असती.

नोकियाचा एन९७ जून २००९ च्या सुमाराला दुकानात आला. त्याला टचस्क्रीनही होती आणि बाजूला सरकवून उघडायचा पूर्ण कीबोर्डही. साठवणीला ३२ जीबी जागा, पण रॅम फक्त १२८ एमबी. चार अ‍ॅप उघडली की स्मृती संपायची आणि मागचं अ‍ॅप गुपचूप बंद पडायचं. मला त्याहून बोलका वाटतो तो त्याच्या याद्यांचा घोळ. काही याद्यांमध्ये एकदा टॅप केलं की काम व्हायचं, काहींमध्ये पहिल्या टॅपला ओळ फक्त उजळायची आणि दुसऱ्याला उघडायची. याचं कारण त्याच्या सिम्बियन या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जुन्या पायात होतं. बाणाच्या बटणानं निवड खाली-वर सरकवायची आणि मधलं बटण दाबून उघडायचं, अशा रीतीसाठी त्या याद्या बांधलेल्या होत्या. काच वरून आली, खालची रीत तीच राहिली. हा फोन गुणवत्तेच्या दृष्टीनं निराशाजनक ठरल्याचं नोकियाचे वरिष्ठ अधिकारी आन्सी वान्योकी यांनी २०१० मध्ये मोकळेपणानं मान्य केलं.

याचा अर्थ बटणं असली की सॉफ्टवेअर शहाणं असतं असा नाही. अँड्रॉइडचा पहिला फोन, ऑक्टोबर २००८ मधला जी१, कीबोर्डचाच होता. त्याच्या सुरुवातीच्या एका आवृत्तीत दाबलेली प्रत्येक कळ पडद्यामागे संपूर्ण अधिकार असलेल्या कमांड-खिडकीतही जात होती. कुणी गप्पांच्या ओघात ‘रीबूट’ हा इंग्रजी शब्द लिहून एंटर दाबलं की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा.

आयफोनच्या बाबतीत तर सारंच काचेवर अवलंबून होतं. ९ जानेवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी सॅन फ्रान्सिस्कोत तो दाखवला, तेव्हा तो जेमतेम उभा होता. आधी ईमेल पाठवून मग वेबसाइट पाहिली तर चालायचं, उलट क्रमानं केलं तर फोन बंद पडण्याची भीती. म्हणून अभियंत्यांनी प्रात्यक्षिकाचा क्रम आखून दिला होता, मंचावर राखीव फोन ठेवले होते, आणि सिग्नलच्या पाचही दांड्या कायम दिसतील अशी सोय केली होती. त्यानंतरच्या सहा महिन्यांत ॲपलनं जे केलं ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. बोटाला लगेच उत्तर मिळावं म्हणून बाकीच्या सोयी मागे ठेवल्या. बाहेरच्यांची अ‍ॅप जुलै २००८ पर्यंत नव्हती, कॉपी-पेस्ट जून २००९ पर्यंत नव्हतं, आणि बाहेरच्या अ‍ॅपना मागे चालत राहण्याची मुभा २०१० मध्ये मिळाली. लोक वैतागले आणि त्यांचं वैतागणं रास्त होतं. पण यादी सरकवली की ती बोटाबरोबर सरकायची.

आयफोनच्या कीबोर्डचं मूळ काम केन कोसिएंडा यांचं. काचेवरची बटणं बोटाच्या टोकापेक्षा लहान असतात, मग नेम साधायचा कसा? लिहिलेल्या अक्षरांवरून पुढे कोणतं अक्षर संभवतं याचा अंदाज घेऊन त्या अक्षराचं क्षेत्र आतल्या आत मोठं केलं जातं. दिसणारं चित्र तेवढंच राहतं. प्लास्टिकच्या बटणाला हे जमणारं नव्हतं.

आपल्या लिपीला याचा मोठाच फायदा झाला, पण उशिरानं. आकड्यांच्या कीपॅडवर देवनागरी म्हणजे एका बटणावर कितीतरी अक्षरं. ‘क्ष’ लिहायचा तर क, हलन्त आणि ष असं तिन्ही शोधत बटणं पुन्हापुन्हा दाबत बसायचं. काचेवरची बटणं मात्र हवी तशी, हव्या त्या लिपीत आखता येतात. तरीही सुरुवातीच्या अनेक अँड्रॉइड फोनवर मराठी मजकुराच्या जागी नुसत्या चौकटी दिसत किंवा जोडाक्षरं फुटत, कारण अक्षरं जुळवणारं सॉफ्टवेअरच तयार नव्हतं.

काच आली तेव्हा सर्वांत रास्त भीती अंध वापरकर्त्यांना होती. सिम्बियन फोनवर टॉक्ससारखं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आणि बोटाखाली ओळखीची बटणं, या दोन्हींवर त्यांचं काम चाले. सपाट काचेवर शोधायचं तरी काय? जून २००९ मधल्या आयफोन ३जीएसमध्ये व्हॉइसओव्हर आलं. बोट फिरवावं तसं बोटाखाली काय आहे ते फोन बोलून सांगतो, आणि हवं ते सापडलं की दोनदा टॅप करायचं. इथे सॉफ्टवेअर अडखळलं तर फोन मुका होतो आणि वापरणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून नवी आवृत्ती बाहेर काढण्यापूर्वी ती आधी याच लोकांच्या हाती देऊन तपासली पाहिजे असं मला ठामपणे वाटतं.

पुढच्या आठवड्यात : काचेलाही टक् करायला लावणाऱ्या कंपनयंत्रांची माहिती.